'दादा, पीडीएफ आहे का?'

कर्जतला दर रविवारी आमचा बोर्ड गेमचा छोटासा कट्टा भरतो. खोपोली-नेरळहून पोरं लोकलने येतात, चौक-खालापूरची बाईकवर. चार टेबलं लागतात, बाकी सगळा आरडाओरडा.

अलीकडे ग्रुपवर मात्र एकच मेसेज फिरतोय. "दादा, पीडीएफ आहे का?" कोणाला नियमपुस्तक हवंय, कोणाला पत्त्यांची स्कॅन केलेली चित्रं. रंगीत झेरॉक्स काढायची, कापायची, झाला गेम तयार. यावरून मागच्या आठवड्यात चांगलीच जुंपली. एक बाजू म्हणते, बाहेरचा डबा तीन-चार हजारांना पडतो, कॉपी केली तर कोणाचं काय गेलं? दुसरी म्हणते, चोरी ती चोरी, विषय संपला. मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आपल्याच घरात बघू. लहानपणी सुट्टीत आपण 'नवा व्यापार' खेळलो. ते मोनोपोलीचं देशी रूप. आणि मोनोपोली तरी कोणाची? लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईने १९०४ मध्ये 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं होतं, त्यातून ती पुढे आली. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने तिचे हक्क अवघ्या ५०० डॉलरला घेतले आणि कमाई केली ती आपण. आपली पचिशी इंग्लंडात जाऊन 'लुडो' झाली, १८९६ मध्ये तिचं तिथे पेटंटही निघालं. सापशिडीही इथूनच गेली. आपल्याला कोणी रॉयल्टी पाठवली नाही. खेळ असेच गावोगाव फिरतात, बदलतात.

कायदाही बऱ्यापैकी हेच म्हणतो. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी 'स्क्रॅब्युलस' नावाचा ऑनलाइन शब्दखेळ काढला होता. अमेरिका-कॅनडा सोडून बाकी जगात स्क्रॅबलचे हक्क असलेली मॅटेल कंपनी कोर्टात गेली. सप्टेंबर २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्क्रॅबलच्या पटावर आणि नियमांवर कॉपीराइटचा दावा मानला नाही. पण 'स्क्रॅब्युलस' हे नाव वापरायला मनाई केली, कारण ते ट्रेडमार्कच्या फार जवळचं होतं. म्हणजे खेळायची रीत कोणाच्या मालकीची नाही. नाव आहे.

आणि चित्रं? नियमपुस्तकातला मजकूर? त्यांनाही मालक आहे. कारण तिथे कोणीतरी महिनोन्‌महिने बसून चित्र काढलंय, वाक्य लिहिलंय, खेळ शंभरदा खेळून दुरुस्त केलाय. ती पानं जशीच्या तशी स्कॅन करून दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे त्याच्या मजुरीवर हात मारणं. मोठी कंपनी ते सोसेल. पण आपल्याकडे एखादा पोरगा पदरचे पैसे घालून पाचशे डबे छापतो, त्याचा दुसरा गेम मग येतच नाही. आणि जाणूनबुजून असं करणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, हेही ॲडमिन मंडळींनी ध्यानात ठेवावं.

कंपन्याही धुतल्या तांदळाच्या नाहीत बरं का. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने २००९ मध्ये पायरसीच्या रागात आपल्या सगळ्या अधिकृत पीडीएफची विक्रीच बंद केली. शिक्षा कोणाला? पैसे भरून घेणाऱ्याला. २०१३ मध्ये विक्री पुन्हा सुरू केली. आणि जानेवारी २०२३ मध्ये खेळाडूंच्या रेट्यापुढे मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला करावा लागला. म्हणजे आज ते नियम श्रेय देऊन कोणीही छापू शकतं, मराठीत भाषांतरही करू शकतं. आमच्या ग्रुपवर चोरीची पीडीएफ मागणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होतं? एकालाही नाही.

आता 'परवडत नाही'बद्दल. हे खरं आहे, मी ते उडवून लावणार नाही. पण आमच्याकडे हे सगळ्यात मोठ्याने म्हणणारे वीकेंडला फार्महाऊसवर किती उडवतात, तेही मी बघतो. आणि वाडीवरून येणाऱ्या दोन पोरांनी काय केलं? नियम ऐकले, खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्वतः पट आखला, सोंगट्या म्हणून चिंचोके घेतले. त्यात कोणाच्या चित्राची, मजकुराची चोरी नाही, आणि खेळ तितकाच रंगतो.

म्हणून कट्ट्यावर आता असं ठरवलंय. बनवणाऱ्याने स्वतः फुकट दिलेली पीडीएफ खुशाल टाका. विकत मिळणाऱ्या गेमचे स्कॅन टाकायचे नाहीत. दर महिन्याला जमेल त्याने पन्नास रुपये काढायचे, त्यातून डबा घ्यायचा आणि तो आळीपाळीने घरी न्यायचा. पैसे नसतील त्यालाही डबा मिळेल, त्याला कोणी हिशेब विचारणार नाही. आणि नियम मात्र कोणीही कोणालाही शिकवावेत, तोंडी, लिहून, मराठीत.

हे चुकीचं वाटत असेल तर खाली बिनधास्त लिहा, वाद घालू. ज्यांच्या माळ्यावर जुने डबे धूळ खात पडलेत त्यांनी रविवारी घेऊन या. पीडीएफपेक्षा त्याची जास्त गरज आहे.