फितीवरची पट्टी

सैनिकाच्या पदकावर लढाईची वेगळी खूण असू नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. आज ते राहिलेलं नाही. ते मत मी विचार करूनच धरलं होतं आणि तसंच मानणारी चांगली माणसं आजही माझ्या आसपास आहेत, म्हणून ते का सोडलं हे नीट सांगायला हवं.

ते मत मला भिलाईनं दिलं. 1955 च्या सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या भट्टीचं उद्घाटन केलं आणि देशभरातून माणसं इथे येत राहिली. माझे वडील वर्ध्याकडून आले. एकसारखी क्वार्टर्स, एकाच भोंग्यावर चालणारी घरं, शेजारी बंगाली, मल्याळी, तेलुगू, छत्तीसगढी. घरात आणि युनियनच्या सभेत एकच शिकवण होती: कारखाना सगळ्यांच्या श्रमावर चालतो, तेव्हा कुणाचं काम मोठं आणि कुणाचं छोटं हे ठरवू नका.

सैन्याकडे मी त्याच नजरेनं पाहत होतो. जवानाला नेमणूक कुठे मिळावी हे त्याच्या हातात नसतं. एकाची पलटण सीमेवर जाते, दुसरा जबलपूरच्या दारूगोळ्याच्या डेपोत राहतो. दोघेही हुकमाचे ताबेदार, दोघांचीही घरं तितकीच लांब. मग एकाच्या फितीवर जादा पट्टी आणि दुसऱ्याची फीत मोकळी का? शौर्यपदकाबद्दल माझी तक्रार नव्हती, ते कृत्याला मिळतं. पण केवळ एका जागी हजर होता म्हणून खूण देणं मला नशिबाला बक्षीस दिल्यासारखं वाटे.

मत हललं ते एका शेजारच्या घरातल्या मेडलमुळे. त्या घरातले आजोबा फौजेतून निवृत्त होऊन कारखान्यात लागले होते. त्यांच्या पश्चात नातवानं त्यांची पदकं फ्रेम करायला काढली आणि मला बोलावलं. त्यात सामान्य सेवा मेडल 1947 होतं. मधोमध टोक वर करून उभी भवानी तलवार. हे पदक सावित्रीबाई खानोलकरांनी रेखाटलं. परमवीर चक्रही त्यांचंच. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली, विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून इथलीच झालेली ही बाई. आपल्या घराघरात तिचं नाव जितकं माहीत असायला हवं तितकं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं होतं. पण फितीवर आडवी बसणारी धातूची पट्टी, जिला फौजी क्लास्प म्हणतात, ती जागेवर नव्हती. कधी तरी नवी फीत लावताना निघून हरवली असावी. नातवानं पदकाच्या नावातलं 1947 पाहिलं होतं आणि आजोबा पहिल्या काश्मीर युद्धात लढले असं तो मित्रांना सांगत आला होता. आजोबा भरतीच झाले होते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आम्ही त्यांचं डिस्चार्ज बुक काढलं. त्यात मेडलच्या नावापुढे लिहिलं होतं: लडाख 1962.

या मेडलची घडणच तशी आहे. जम्मू-काश्मीर, कोरिया, नागा हिल्स, गोवा 1961, लडाख 1962, नेफा 1962, मिझो हिल्स, या सगळ्यांसाठी पदक तेच आणि फीतही तीच. फरक फक्त पट्टीचा. गोवामुक्तीच्या मोहिमेत पणजीकडे कूच केलेला सैनिक आणि लडाखच्या बर्फात थंडीनं बोटं गमावलेला सैनिक यांच्या छातीवर एकच चकती असते. आणि 1962 च्या युद्धासाठी वेगळं पदक काढलंच गेलं नाही. ज्या युद्धात 18 नोव्हेंबरला रेझांग ला इथे मेजर शैतानसिंगांची जवळजवळ सगळी कंपनी कापली गेली, त्या युद्धात असल्याची पदकावरची नोंद म्हणजे ती बोटभर पट्टी. ती निघाली की पदक मुकं होतं. मी ज्या खुणेला भेदभाव म्हणत होतो ती नसल्यामुळे एका माणसाचं अख्खं युद्ध त्याच्याच घरातून पुसलं गेलं होतं.

तेव्हापासून मी या विषयाकडे नव्यानं पाहू लागलो. जनरल अरुणकुमार वैद्य आपल्या अलिबागचे. 1965 ला असल उत्तर आणि चिमाच्या लढायांत डेक्कन हॉर्सचं नेतृत्व केलं म्हणून महावीर चक्र, 1971 ला जफरवालच्या आघाडीवर चिलखती ब्रिगेडचं नेतृत्व केलं म्हणून पुन्हा महावीर चक्र. दुसऱ्या वेळी वेगळं चक्र टांगत नाहीत. त्याच पांढऱ्या-केशरी फितीवर बार चढतो. असा बार मिळालेले सैनिक देशात सहाच. लढाईच्या अधिकृत अहवालात, म्हणजे डिस्पॅचमध्ये, नाव आलेल्यासाठी फितीवर कमळाचं पान असतं. या खुणांमागे कुणीतरी पाहिलेलं, शिफारस केलेलं कृत्य असतं. पण लढाईत असंख्य वेळा पाहणाराच उरत नाही, किंवा शिफारस लिहिणारा अधिकारी आधी पडलेला असतो. क्लास्पला साक्षीदार लागत नाही. माणूस शूर होता की घाबरला होता, हेही तो विचारत नाही. अमुक माणूस अमुक ठिकाणी होता, एवढंच सांगतो. मला आता ही सगळ्यात प्रामाणिक खूण वाटते.

माझी समतेची कल्पनाही मी पुन्हा तपासली. भट्टीतून लोखंड काढताना समोर उभा असणारा माणूस आणि ऑफिसात हजेरी लिहिणारा माणूस, दोघांना मान सारखा. पण अंगावर ठिणग्या कुणी घेतल्या हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि ते म्हटल्यानं हजेरी लिहिणाऱ्याचा अपमान होत नसे. फौजेनं पुढे हेच केलं. 1965 ला सेवेत असणाऱ्या सर्वांना रक्षा मेडल, पण लढाईच्या क्षेत्रात असणाऱ्याला समर सेवा स्टार. 1971 ला सर्वांना संग्राम मेडल, शिवाय आघाडीनुसार पूर्वी किंवा पश्चिमी स्टार. कुणाचं काढून घेतलेलं नाही. जे घडलं त्याची भर घातली आहे.

इतर देशही याच प्रश्नाशी झगडले. फॉकलंड युद्धानंतर ब्रिटननं साउथ अटलांटिक मेडल मोहिमेत काम केलेल्यांना दिलं, आणि प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात किमान एक दिवस काढलेल्याच्या फितीवर एक छोटं फूल लावलं. अमेरिकेनं 2016 मध्ये काही पदकांच्या फितीवर लढाईच्या परिस्थितीसाठी ‘सी’ हे अक्षर आणलं, आणि त्याच वेळी दूर बसून ड्रोनसारख्या साधनांनी लढाईवर थेट परिणाम करणाऱ्यासाठी ‘आर’.

शंका अजून एक उरली आहे, ती मी लपवत नाही. युद्धक्षेत्राची रेषा नकाशावर कुणीतरी आखतो. रेषेच्या आत आठवडाभर शांत बसलेल्याला खूण मिळते आणि बाहेर दारूगोळ्याचा ट्रक हाकताना जखमी झालेला राहून जातो. हा अन्याय खरा आहे. पण त्याचं उत्तर रेषा नीट आखण्यात आहे. खूण काढून टाकली तर दोघांचाही ठावठिकाणा जातो.

आमच्या भिलाईचा नायक कौशल यादव, 9 पॅरा, 25 जुलै 1999 ला कारगिलमध्ये झुलू टॉपच्या लढाईत पडला. त्याला मरणोत्तर वीरचक्र मिळालं आणि छत्तीसगढ सरकार त्याच्या नावानं खेळाडूंना पुरस्कार देतं. ते योग्यच आहे. पण त्याच डोंगरांवरून जे परत आले, ज्यांचं नाव कुठल्या चौकाला नाही, त्यांच्यापाशी ऑपरेशन विजय स्टार आहे. पूर्वी मी त्याला हजेरीचं पदक म्हणत असे. आता त्यांच्यापैकी कुणी भेटला तर मी आधी त्याच्या फिती पाहतो आणि कुठे होतात हे विचारतो.

वाचकांना एक विनंती आहे. विदर्भात, साताऱ्यात, कोकणात, इथे छत्तीसगढात, कित्येक घरांच्या कपाटात अशी पदकं पडून आहेत. फीत जुनी झाली म्हणून बदलताना क्लास्प काढून बाजूला ठेवू नका. तो नव्या फितीवर परत चढवून घ्या. हरवला असेल तर डिस्चार्ज बुक काढा, ते नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन सेवेच्या नोंदीसाठी अर्ज कसा करायचा ते विचारा. आणि ज्यांच्या घरातला सैनिक अजून हयात आहे, त्यांनी प्रत्येक पट्टीवरचं ठिकाण आणि साल त्याच्याच तोंडून विचारून याच आठवड्यात लिहून ठेवावं.