पायरीवरचा आर्किटेक्ट

अप्रेझल जवळ आलं की वर्षभरात काय काय केलं, याची यादी आपण सगळेच करतो. रायगडावर अशीच एक यादी साडेतीनशे वर्षं दगडात कोरलेली आहे. या वीकेंडला मी खास तीच बघायला गेलो.

महाडहून पाचाड पंचवीसेक किलोमीटर. रोपवे टाळून पायऱ्या चढलो, घाम निघाला! होळीचा माळ, बाजारपेठ मागे टाकून थेट जगदीश्वराचं देऊळ गाठलं. तिथला संस्कृत शिलालेख सांगतो की शके १५९६ मध्ये, म्हणजे राज्याभिषेकाच्याच १६७४ साली, छत्रपतींच्या आज्ञेने हे काम झालं. पुढे यादी: विहिरी, तळी, बागा, रस्ते, हत्तीशाळा, राजवाडे. आणि करणाऱ्याचं नाव, हिरोजी. हेच राजधानीचे स्थपती हिरोजी इंदुलकर. सिंधुदुर्गही त्यांनीच बांधला, असं मानतात.

खरी गंमत मात्र देवळाच्या पायरीवर. तिथे पुन्हा त्यांचं नाव आहे, सेवेला तत्पर एवढ्याच ओळखीसह. दर्शनाला येणाऱ्या महाराजांची पायधूळ लागावी म्हणून हिरोजींनी बक्षीस म्हणून हीच जागा मागितली, अशी गोष्ट सांगतात.

या करिअरचं पुढे काय झालं? मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफा गडावर धडाडल्या, आग लागली. राजवाड्यांचे आज चौथरेच दिसतात. जगदीश्वर मात्र उभा आहे, पूजाही चालू आहे. अलीकडे पुरातत्त्व खातं आणि रायगड विकास प्राधिकरण जतनाच्या कामाला लागले. गळती काढल्यावर २०२० च्या पावसाळ्यात हत्ती तलाव पुन्हा भरला. २०२५ मध्ये रायगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. मला विचाराल तर त्यात तलावाची बातमी मोठी. यादीतलं एक काम पुन्हा चालू झालं ना!

परतताना मुद्दाम पोलादपूरला गेलो. ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी तिथे आहे. कवीचा ग्रंथ आपण आजही वाचतो. हिरोजींचं काम वाचायचं तर गडच चढावा लागतो. तेव्हा सेल्फी काढा, पण जगदीश्वराच्या दारात जरा खाली बघून पाऊल टाका.

कसे जाल? मुंबई-गोवा महामार्गाने महाड, तिथून पाचाड. पोलादपूर महाडच्या पुढे, त्याच महामार्गावर. पायऱ्या चढणार असाल तर सकाळी लवकर निघा, पाणी सोबत ठेवा.