बाईंचा खो

बाई गेल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही दोघी बहिणी दोन गावांत होतो. फोन लावला, पण दोघींनाही फार बोलता आले नाही. सारंगखेड्याच्या शाळेत बाईंनी आम्हाला खो-खो शिकवला.

आमच्या मोहल्ल्यातल्या मुली तेव्हा मैदानावर जात नसत. बाई स्वतः घरी आल्या, चटईवर बसल्या, चहा घेतला आणि अब्बांना सरळ विचारले, "अडचण काय, ते सांगा." अब्बांनी दोन गोष्टी सांगितल्या, कपडे आणि मगरिबची वेळ. सलवार-कुर्ता चालेल, ओढणी पिना लावून घट्ट बसवू आणि अजानच्या आधी पोरी दारात असतील, असे बाईंनी कबूल केले. अब्बा तरी घुटमळत होते. तेव्हा आतून दादी बोलली. आपल्या नबींनी (स.) हजरत आयेशांबरोबर (रजि.) धावण्याची शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा ते. "मग तू कोण रे अडवणारा?" अब्बा हसले आणि विषय मिटला.

बाईंनी शब्द पाळला. दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरला की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसे. त्या दिवसांत बाई आम्हाला धुळीतून, घोड्यांच्या रांगांमधून घरी आणून सोडायच्या.

खो-खोत आठ जणी एकाआड एक उलट तोंडे करून बसतात, नववी पळते. खो पाठीमागूनच द्यायचा, आणि मोठ्याने. आवाज पुरेसा नसेल तर पंच फाऊल देतात. आमचे इथेच अडायचे. मुलीचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये, ही घरची शिकवण. सूर मारायला, हुलकावणी द्यायला आम्ही लवकर शिकलो, खो म्हणायला मात्र अख्खा पावसाळा गेला. बाई आमच्याकडे पाठ करून मैदानाच्या टोकाला उभ्या राहत. "तापीच्या पुलापर्यंत गेला पाहिजे," म्हणत.

आमच्या गल्लीतली तिसरी आम्हा दोघींपेक्षा चपळ होती. नववीत तिचे लग्न ठरले, शाळा सुटली. बाई दोनदा तिच्या घरी गेल्या. दुसऱ्यांदा दारच उघडले नाही. सोबत चला, असे त्या आम्हाला म्हणाल्या होत्या. आम्ही गेलो नाही. त्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेच्या यादीत बाराव्या जागी बाईंनी तिचेच नाव लिहिले. ती येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले. कर्णधार आपल्या महाराष्ट्राची, प्रियांका इंगळे. रात्री बाईंचा फोन आला. "मॅटवर खेळल्या, गुडघे कुठले फुटतात!" एवढीच तक्रार. मग विचारले, "तिसरीचा नंबर आहे का गं तुमच्याकडे?" आमच्याकडे नव्हता.

आता शोधून काढला. बाई गेल्या, असे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या वर्षी यादीत माझं नाव होतं म्हणे. खरं का?"

आम्ही हो म्हणालो.