चार गुंड पाणी

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी एक जुनी काचपेटी आली. धनजहून बदली होऊन जाणाऱ्या एका सहकाऱ्याने सामान आवरताना ती माझ्या मुलीला अगदी अल्प किमतीत दिली. वर्षभर ती त्यांच्या गच्चीवर रिकामी पडून होती. 'गळत नाही' एवढेच ते म्हणाले, आणि ते खोटे बोलले असे मला आजही वाटत नाही. त्यांनी ती शेवटची भरली तेव्हा ती गळत नसेलच.

मुलीला त्याच संध्याकाळी मासे हवे होते. मी आधी काचेच्या कडांवरून हलकेच बोट फिरवले, कोपऱ्यांत टवका उडाला आहे का ते पाहिले. मग सांध्यांतील सिलिकॉन नखाने दाबून पाहिले. एके ठिकाणी त्याची कड पापुद्र्यासारखी सुटली होती. डोळ्यांनी एवढेच कळते. बाकीचे पाण्यालाच विचारावे लागते.

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. म्हणजे दोन घनफूट, सुमारे ५६ लिटर पाणी आणि तितकेच किलो वजन. आई दारातून पाहत होती. "काहून रे बाबू, येवढं पानी त्या पेटीत कायले ओततं?" तिच्या हिशेबात ते चार गुंड होते. कारंजा तालुक्यातला मे महिना तिने डोक्यावर गुंड घेऊन काढला आहे. मला उत्तर सुचले नाही. हे पाणी नंतर लिंबाच्या झाडाला घालीन, असे कबूल केल्यावरच ती आत गेली.

पेटी घरात ठेवायची होती ती जागा विजेच्या बोर्डाशेजारी होती. म्हणून परीक्षा अंगणात घेतली. सपाट फरशी, तिच्यावर थर्मोकोल, भोवती कोरडे वर्तमानपत्र. आधी तिसरा हिस्सा, मग अर्धी, मग पूर्ण, असे थांबत थांबत पाणी भरले. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो. अर्ध्या पेटीत गप्प राहिलेला सांधा भरल्या पेटीत बोलू लागतो. १६ डिसेंबर २०२२ रोजी बर्लिनच्या एका हॉटेलातले सुमारे दहा लाख लिटरांचे मत्स्यालय पहाटे फुटले आणि त्यातले जवळजवळ सगळे मासे गेले. आमची पेटी त्यापुढे कस्पट. पण आत राहणाऱ्या माशाला तो फरक कसा कळावा?

संध्याकाळपर्यंत कागद कोरडा होता. 'झाले, उद्या मासे आणू', असे मी मुलीला सांगूनही टाकले. वास्तविक पूर्ण दिवस, जमल्यास दोन दिवस थांबायचे, हे मला ठाऊक होते. अर्धे पुस्तक वाचून वर्गात मत देण्याची आम्हा मास्तरांची खोड घरातही सुटत नाही. सकाळी मागच्या डाव्या कोपऱ्याखालचा कागद तळहाताएवढा ओला होता.

पेटी रिकामी केली. भरलेली पेटी उचलायची नसते. पाणी लिंबाला गेले. नवे सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही, म्हणून आतले सगळे जुने सिलिकॉन ब्लेडने खरवडले आणि काच स्पिरिटने पुसली. साबण मुळीच लावला नाही. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये पुष्कळदा बुरशीनाशक असते आणि ते माशांना मारक ठरते; म्हणून बुरशीनाशक नसलेलेच आणले. त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत आठवडा थांबलो. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सहकाऱ्याला मात्र हे कळवले नाही. त्याने विश्वासाने दिले होते.

दुसऱ्या परीक्षेला पुन्हा चार गुंड लागणार होते. आईला सांगायचे कसे, या विचारात मी असताना पहिला गुंड तिनेच आणून ठेवला. दोन दिवस कागद कोरडा राहिला. तो रोज सकाळी वाकून, बोट लावून पाहत होती तीही तीच.