दार फणसाचे की प्लायचे?

कशेडीच्या आमच्या जुन्या घराची दारे बदलायची ठरली आणि घरात दोन तट पडले. अम्मींचे म्हणणे, दार असावे तर अस्सल लाकडाचे. प्लाय म्हणजे नुसते पापुद्रे. कुवेतहून पैसे पाठवणाऱ्या धाकट्या भावाला मात्र खर्चाची काळजी. मग अंगणातल्या फणसाकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या.

पण झाड स्वतःचे असले तरी मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ऐन, किंजळ, फणस आहेत, परवानगी लागते. शिवाय ओल्या लाकडाचे दार पुढे आकसते, वाकते. लाकूड नीट सुकेपर्यंत थांबावे लागते.

प्लाय हे खोटे लाकूड नव्हे. लाकडाचे पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवतात. लाकूड ओलीने रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून एका थराचे फुगणे दुसरा थर आवरून धरतो. मात्र सगळी भिस्त गोंदावर. गोंद सुटला की पापुद्रेही सुटले!

आमच्या पोलादपूर-महाडकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडात एका नातेवाइकांकडे चिखल काढायला गेलो होतो. भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटे फुगून हातात तुकडे येत होते. सागाची जुनी पेटी धुऊन वाळवली आणि पुन्हा वापरात आली. प्लाय, भुशाची फळी आणि लाकूड यांतला फरक त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

एका दुकानात आम्हाला शिक्का नसलेली फळी 'वॉटरप्रूफ' म्हणून दाखवली. आम्ही आयएसआयचा शिक्का आणि आयएस ७१० हा आकडा मागितला. या प्रतीच्या प्लायचे तुकडे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही गोंद टिकतो का, हे तपासतात. 'एमआर' लिहिलेली फळी दमटपणा सोसते, पाणी नाही. ती कोरड्या खोलीपुरती.

शेवटी असे ठरले: छपराचे ऐनाचे वासे जसेच्या तसे राहिले. पडक्या गोठ्याच्या सुक्या तुळयांतून पुढचे दार निघाले. आतली दारे आणि स्वयंपाकघरातली कपाटे ७१० प्लायची. फणस उभा आहे, आणि अम्मीही राजी आहेत.

घर बांधणाऱ्या भावा-बहिणींनी एवढे जपावे. कापलेली कड उघडी ठेवू नये, पाणी तिथूनच शिरते. रंग किंवा पट्टी लावावी. दाराची खालची कडही रंगवून घ्यावी, ती कोणाच्या लक्षात राहत नाही. फळी जमिनीला आणि ओल्या भिंतीला टेकवू नये, वाळवी तिथूनच चढते. परदेशात घाम गाळून कोणी पाठवलेला पैसा आपल्या हाती अमानत असतो. तो खर्चताना फळी उलटून शिक्का पाहायला लाजू नये.