अण्णांचं अर्थिंग आणि माझा समुद्र

आईचा फोन नेहमी रात्री जेवणं झाल्यावर येतो. गेल्या वर्षी एप्रिलमधे एकदा सकाळी सातला आला, तेव्हाच पोटात गोळा आला.

“तुझ्या त्या टाकीवरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येत्यात रं. परवाबी आल्या, आजबी आल्या.”

मी पुण्यात, आई कडेगावला, आणि हात मिठाच्या पाण्याने ओला. मी एकच सांगितलं, बटण बंद कर, बोर्डावरून प्लग काढ आणि मी येईपर्यंत तिकडे फिरकू नकोस. “मग मासे?” म्हणाली. मासे अंधारात राहतील, पण तू लांब राहा!

ज्यांना कडेगाव माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचं गाव सांगली जिल्ह्यात, मोहरमच्या उंच ताबुतांसाठी ओळखलं जातं. ताकारी-टेंभूचं पाणी यायच्या आधी इथे पाण्याच्या एका घागरीवरून भांडणं होत. अशा गावात मी घराच्या सोप्यात समुद्राच्या पाण्याची टाकी मांडली, याला शेजारपाजारचे काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमधे पुण्याहून घरी आलो आणि दीड वर्ष राहिलो, तेव्हाचा हा उद्योग. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ (बाजारातलं नव्हे, समुद्राचे सगळे क्षार असलेलं), दोन क्लाऊनफिश, आणि कृत्रिम दगडांवर थोडे झोअँथिड आणि मश्रूम. खडक बांधणारी कठीण प्रवाळं आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत, तेव्हा तो मोह नकोच. ती बघायची तर मालवणला जाऊन पाण्यात डोकं घालून बघावीत.

अण्णा २०१८ मधे गेले. आई तेव्हापासून घरात फार बोलायची नाही. त्या दोन माशांशी मात्र बोलते, म्हणून परत येताना टाकी तिथेच ठेवली. आणि म्हणूनच तो फोन इतका लागला.

आता दिव्याबद्दल. या जिवांच्या आत एक सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि यजमानाला देतं. त्याला निळा उजेड लागतो, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा. तयार दिवे महाग, म्हणून मी ३ वॅटचे १२ एलईडी घेतले, अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर चिकटवले आणि दिवाळीच्या माळेसारखे एकापाठोपाठ एक जोडले. प्रत्येकाला साधारण ३.३ व्होल्ट, म्हणजे सगळे मिळून ४० च्या आसपास. एलईडीला नुसता व्होल्टेज देऊन चालत नाही. तो तापला की त्याला लागणारा व्होल्टेज कमी होतो, मग जास्त करंट खेचतो, आणखी तापतो, आणि शेवटी जातो. म्हणून ड्रायव्हर लागतो, जो करंट ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवतो. माझा ७०० मिलिअँपियरचा.

हा ड्रायव्हर मी घेतला स्वस्तातला. वर कसलंही नाव नव्हतं. शनिवारी घरी पोचल्यावर तो उघडला तर आत २३० व्होल्टची बाजू आणि एलईडीची बाजू यांच्यामधे ट्रान्सफॉर्मरच नाही! मीटर लावला तर ४० व्होल्टच दाखवतो, पण ती अख्खी माळ मेन्सवर तरंगत असते. पाण्याच्या तुषारांनी एका एलईडीखाली मिठाचा पांढरा थर धरला होता, तिथून करंट हीटसिंकवर आला. टेस्टर टेकवला, पेटला. आईच्या पायात नेहमीच्या रबरी स्लिपर होत्या म्हणून मुंग्यांवर भागलं. १० मिलिअँपियरच्या आसपास हात आवळला जातो आणि सुटत नाही. त्यावर मी त्या रात्री फार विचार केला.

पण खरी लाज वेगळीच होती. अण्णा वायरमन होते. गावातल्या कितीतरी घरांचं वायरिंग त्यांच्या हातचं. आमच्या परसात त्यांनी खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरलेली, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाईप. दर उन्हाळ्यात त्या पाईपात ते बादलीभर पाणी ओतायचे, प्यायच्या पाण्याची मारामार असायची तेव्हासुद्धा. आई चिडायची. “जमीन कोरडी पडली की अर्थिंग नुसतं नावाला,” असं ते म्हणायचे. आणि अशा माणसाच्या पोराने दिव्याला दोन पिनांचा प्लग लावला होता. का, तर तीन पिनांचा त्या दिवशी घरात नव्हता.

अण्णांच्या हाताखाली शिकलेले एक काका आले. त्यांनी १०० वॅटचा साधा बल्ब फेज आणि अर्थ यांच्यामधे धरला. (हे घरी करून बघू नका, जाणत्या माणसालाच करू द्या.) बल्ब मिणमिणला, तारेपुरता लाल. सात उन्हाळे त्या पाईपात कोणी पाणी घातलं नव्हतं. काका काही बोलले नाहीत, फक्त बादलीकडे बघितलं. आईनेच उठून नळाची पाईप ओढली. तासाभराने परत बल्ब धरला, तर स्वच्छ उजेड! नंतर मुख्य बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला आणि हीटसिंकला हिरवी वायर.

ड्रायव्हरही बदलला. आता ४८ व्होल्टचा आयसोलेटेड पॉवर सप्लाय भिंतीवर, टाकीपासून लांब, आणि तिथून फक्त ४८ व्होल्ट टाकीकडे. पुढे मीन वेलचा एलडीडी-७००एच, अंगठ्याएवढा. त्यात एक चूक करू नका, जी मी केली: त्याच्या आउटपुटची मायनस वायर सप्लायच्या मायनसला जोडायची नसते. मी सवयीने सगळ्या काळ्या वायरी एकत्र केल्या आणि एक ड्रायव्हर गमावला.

त्याला डिमिंगची एक वेगळी वायर असते. अर्डुइनो त्या वायरीवर सेकंदाला ४९० वेळा चालू-बंद करतो आणि चालू वेळेचा वाटा कमीजास्त करतो, डोळ्याला ते मंद-प्रखर दिसतं. सकाळी हळूहळू उजाडतं, संध्याकाळी मावळतं. शून्यापासून सरळ वाढवत नेलं तर पहिल्याच मिनिटात भसकन उजाडल्यासारखं वाटतं, कारण डोळा मंद उजेडातला फरक जास्त टिपतो. म्हणून आकड्याचा वर्ग घेतला, मग जमलं. कमाल उजेड मात्र ३० टक्क्यांवर ठेवलाय. पूर्वी पहिल्याच दिवशी पूर्ण लावला होता तेव्हा मश्रूम आठवड्यात पांढरे पडले होते. आतलं शेवाळच त्यांनी बाहेर टाकलं होतं.

पहिल्या आठवड्यात रात्री लाईट गेली आणि दोन वाजता आली. अर्डुइनोला घड्याळ नाही, चालू झाला की त्याच्या दृष्टीने सकाळ! आई उठून बघते तर सोप्यात निळी पहाट. “तुझा सूर्य दोनला उगवला रं,” हा फोन मात्र हसत आला. मग बटणाच्या सेलवर चालणारं डीएस३२३१ घड्याळ लावलं.

काकू, तू वाचत असशील तर, आईने तुला सांगितलं नाही हे मला माहीत आहे. तिच्यावर रागावू नकोस.

या मे महिन्यात गेलो होतो. परसातल्या पाईपाभोवती ओल होती, शेजारी बादली उपडी ठेवलेली. विचारलं तर म्हणाली, “सोमवारी घालते. तुझा मासा बी सोमवारीच उपाशी ठेवते, त्याला पचाया बरं.”