स्वस्त शॉटगन घेण्याआधी

सॅन अँटोनिओ, टेक्सास
रविवार

चि. निखिल,

साडेतीनशे डॉलरची सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घरासाठी चालेल का, असं तू फोनवर विचारलंस. मी पत्र लिहिते म्हटलं, कारण याचं उत्तर हो-नाहीत देऊन मला झोप लागली नसती. शेजारच्या घरी चोरी झाल्यापासून तुझी बायको मृणाल रात्री दोनदा उठून कड्या बघते हेही तूच सांगितलंस. म्हणून हे पत्र दोघांनी मिळून वाचा.

तू फोटो पाठवलेली बंदूक तुर्कस्तानातली आहे. एवढ्यावरून तिला नावं ठेवू नकोस. कोन्या प्रांतात बेयशेहिरच्या आसपास हूलू, उझुम्लू अशी गावं आहेत, तिथे बंदूक घडवणं हा पिढीजात धंदा आहे. अमेरिकेतल्या दुकानांत दिसणाऱ्या स्वस्त शॉटगनांपैकी कितीतरी तुर्कस्तानातच बनतात. स्टोगर तिकडचीच, फक्त तिची मालकी इटलीच्या बेरेटाकडे आहे. तिथून उत्तम माल येतो तसा सुमारही येतो. आपल्यासारख्या गिऱ्हाइकाला महत्त्वाचं हे की इथे ती आयात कोण करतं आणि पाच वर्षांनी तो माणूस त्या धंद्यात असेल का. टरफल ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर झिजला किंवा स्प्रिंग तुटली तर सुटा भाग कुठे मिळेल, हा दुकानदाराला पहिला प्रश्न विचार. तो चाचरला तर तिथूनच परत फिर.

आता बंदुकीच्या पोटातलं. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एक काडतूस उडालं की त्याच्याच जोरावर रिकामं टरफल बाहेर फेकलं जातं आणि पुढचं काडतूस आत येतं. जॉन ब्राउनिंगने शॉटगनमध्ये हे साधलं आणि १९०० साली पेटंट घेतलं. आज मुख्यतः दोन पद्धती आहेत. एकीत नळीतला थोडा गॅस वळवून पिस्टन मागे ढकलतात. रेमिंग्टन ११०० किंवा बेरेटाची ए३०० या जातीच्या. त्यांचा खांद्याला बसणारा धक्का मऊ असतो, पण काजळी धरते, साफ करावी लागते. दुसरी पद्धत बेनेलीने रुळवली, तिला इनर्शिया म्हणतात. बंदूक धक्क्याने मागे येते त्या हालचालीवरच सगळं यंत्र चालतं. आतून स्वच्छ राहते, भाग कमी. मात्र तिला पुरेसा धक्का मिळालाच पाहिजे. तिच्यावर टॉर्च, काडतुसांची पट्टी असं वजन चढवत गेलं की ती मागे कमी सरकते आणि काडतूस हलकं असेल तर मध्येच अडते. आणखी एक. आवाज होऊ नये म्हणून रात्री तिचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा भाग, हाताने हळूच पुढे सोडला तर तो पूर्ण बसत नाही. मग चाप ओढल्यावर नुसतं ‘टिक’ होतं. भेदरलेल्या माणसाकडून नेमकं हेच होणार.

स्वस्त बंदुकीचा खरा प्रश्न यापुढे आहे, आणि फोटो बघताना माझ्या मनात आधी तोच आला. कमी किमतीत बनवलेल्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगा ताठ असतात, आतल्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या नसतात. म्हणून सुरुवातीला जड काडतुसं भरपूर उडवून ती मोकळी करा, असं अशा बंदुकांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. घरासाठी लागणारं काडतूस मात्र उलट जातीचं. डबल-ऑट बकशॉटमध्ये आठ किंवा नऊ छर्रे असतात, प्रत्येक छर्रा .३३ इंचाचा, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या जवळपास. पूर्ण दमाच्या काडतुसात ते सेकंदाला १३०० फुटांच्या वर वेगाने सुटतात. कमी धक्क्याच्या काडतुसात हाच वेग ११५०च्या आसपास असतो. बंद खोलीत, झोपेतून उठलेल्या माणसाच्या हातात हे मऊ काडतूसच योग्य, कारण दुसरा बार करायची वेळ आली तर बंदूक नेमावर लवकर परत येते. आणि स्वस्त बंदूक अडते ती बहुधा याच काडतुसावर. मी बंदूक चालवायला शिकवते त्या वर्गात एक गृहस्थ अशीच नवी बंदूक घेऊन आले होते. जड काडतुसांवर ती बिनतक्रार चालली. घरासाठी ठेवलेली मऊ बकशॉट भरली आणि थोड्याच वेळात एक टरफल बाहेर पडायच्या खिडकीत उभं अडकलं. बंदूक अगदी नवी, काजळी नाही, काही नाही. ती मऊ काडतुसासाठी घडवलेलीच नव्हती.

म्हणून माझा नियम असा. कुठलीही बंदूक घे, निदान दोनशे काडतुसं तिच्यातून जाऊ देत, आणि त्यातली बरीचशी घरात ठेवणार तीच असू देत. टॉर्च लावणार असशील तर तो लावूनच. मध्ये एकदाही अडली तर कारण शोधायचं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बकशॉटचं एकेक काडतूस डॉलरच्या घरात जातं. त्यात कुलपाची पेटी, कानाची आवरणं, रेंजचं भाडं, एखादा शिकवणीचा वर्ग धर. तुझे साडेतीनशे डॉलर आठशेपर्यंत कधी गेले कळणार नाही. चाचणी परवडत नाही म्हणून ती न करता बंदूक पलंगाखाली सरकवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या बंदुकीवर मी तरी विसंबणार नाही.

फोटोतल्या बंदुकीला खालून मॅगझिन लागतं आणि ती रायफलसारखी दिसते, म्हणून तुला आवडली असावी. शॉटगनचं काडतूस प्लॅस्टिकचं आणि पुढून बोथट असतं. मॅगझिनमध्ये महिनोन्‌महिने दाबून ठेवलं तर ते चेपतं, आणि चेपलेलं काडतूस नळीत नीट चढत नाही. नळीखाली आडवी ट्यूब असलेली साधी रचना घरासाठी जास्त भरवशाची, असं माझं ठाम मत आहे.

मृणालबद्दल. ती जेमतेम पाच फुटांची. या बंदुकांचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत सव्वाचौदा इंचांच्या आसपास असतो, तो उंच पुरुषाच्या मापाचा. तिच्यासाठी तेरा इंच हवा. दस्ता लांब पडला की बाई पाठीमागे झुकते, गाल लाकडावर बसत नाही, धक्का दंडावर येतो आणि दंड काळानिळा होतो. त्यानंतर ती पुन्हा बंदुकीला हात लावत नाही. इतक्या बायकांना शिकवताना हेच सर्वांत जास्त पाहिलं. तू घरी नसताना ती आणि मुलं घरात असतात, तेव्हा माप तिचंच धरायला हवं.

आता घराच्या भिंती. आपल्या गडहिंग्लजच्या घरी दादांची बारा बोअर होती, उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी. ती ज्या खोलीत टांगलेली होती तिच्या भिंती हातभर जाडीच्या दगडी होत्या. तुझ्या फ्रिस्कोच्या घरात लाकडाच्या चौकटीवर अर्ध्या इंचाची जिप्समची पाटी आहे. बकशॉट अशा एकापाठोपाठ एक भिंतींतून पार जाते. मुलांची खोली जिन्याच्या पलीकडे आहे, म्हणजे जिन्याच्या दिशेने झाडलेला प्रत्येक छर्रा तिकडे जाऊ शकतो. शॉटगनला नेम धरावा लागत नाही, नुसती रोखली तरी पुरे, असं लोक म्हणतात. ते साफ खोटं आहे. साधी बकशॉट दर यार्डाला सुमारे एक इंच पसरते. घरातल्या सर्वांत लांब अंतरावर, समजा दहा यार्डांवर, तो पसारा जेवणाच्या ताटाएवढाच होतो. टेप घेऊन घरातलं ते अंतर मोज आणि तेवढ्याच अंतरावर रेंजवर कागद लावून बघ, छर्रे कुठे पडतात ते. मुलांना तुमच्या खोलीत आणायचं, दार लावायचं, ९११ला फोन लावून चालू ठेवायचा. बंदूक घेऊन अंधारात घर शोधत फिरायचं नाही. हे आजच दोघांत ठरवा, बंदूक आली नाही तरी.

ती ठेवायची कशी? बहुतेक शॉटगनची सेफ्टी फक्त चाप अडवते. नळीत काडतूस असताना ती खाली आपटली तर उडू शकते. म्हणून जाणकार नळी रिकामी ठेवतात, काडतुसं फक्त ट्यूबमध्ये. पण टेक्सासचा कायदा अशा बंदुकीलाही भरलेलीच मानतो, आणि सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती ती लागली तर निष्काळजीपणाचा गुन्हा मालकावर येतो. तुमचा अथर्व सात वर्षांचा आहे. खुर्चीवर चढून कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत पोचणारं वय. चटकन उघडणारी, भिंतीला बोल्ट केलेली पेटी हवीच.

आणि तुझे सासू-सासरे. दरवर्षी सहा महिने येतात, व्हिजिटर व्हिसावर. तुझं ग्रीन कार्ड झालं, त्यामुळे दुकानात ४४७३ फॉर्म भरून, पार्श्वभूमी तपासून तुला बंदूक मिळेल. त्यांना मात्र शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर संघीय कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. एच-वन-बीवर असलेल्या तुझ्या मित्रांनाही हेच लागू आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांना ते माहीत नसतं. पेटीचा आकडा सासऱ्यांना सांगायचा नाही. दिवसभर मुलांना तेच सांभाळतात म्हणून तर अजिबातच नाही.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही. १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात, ज्या घरी बंदूक होती त्या घरात खून होण्याचा संभव सुमारे २.७ पट जास्त आढळला होता, आणि त्यातले बहुतेक खून घरच्यांनी किंवा ओळखीच्यांनी केलेले होते. त्या अभ्यासावर तेव्हापासून वाद चालू आहे. पण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, यावर वाद नाही. २०२० पासून इथल्या मुला-किशोरांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, मोटार अपघातांच्याही वर. घरात कोणाचं मन खचलेलं असेल, कोणी फार पीत असेल, तर बंदूक घराबाहेरच बरी. तुमच्या घरी आज तसं नाही. तसं झालं तर मला कळव, मी येऊन ती घेऊन जाईन.

चोर आपल्या लोकांच्या घरी येतात ते सोन्यासाठी. भारतीय घरांत दागिने असतात हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. मृणालचं लग्नातलं सोनं उद्याच बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. दाराच्या चौकटीचे स्क्रू बदलून तीन इंची घाला. हे दोन्ही मिळून बंदुकीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात होईल आणि पहिल्या रात्रीपासून कामाला येईल.

एवढं करूनही बंदूक हवीच असेल तर माझं मत सांगते. ती साडेतीनशेची घेऊ नकोस. सेमी-ऑटोमॅटिकच घ्यायची तर हजार-बाराशे डॉलर जमेपर्यंत थांब आणि बेरेटाची ए३०० पॅट्रोल घे. ती गॅसवर चालते आणि दस्ता मुळातच तेरा इंचांचा आहे. तेवढे पैसे घालायचे नसतील तर मॉसबर्गची मॅव्हरिक ८८ ही साधी पंप अडीचशेच्या आसपास मिळते. तिला काडतूस मऊ की जड याचं देणंघेणं नाही, कारण ती हाताने ओढायची असते. मात्र ती घाबरलेल्या हातानेही पूर्ण ओढली जाईल इतका सराव दोघांना करावा लागेल. या दोन्हींच्या मध्ये इनर्शियावाली स्टोगर येते. ती घेतलीस तर दोनशे काडतुसांचा नियम सोडू नकोस.

यातलं काहीही विकत घेण्याआधी मृणालला घेऊन इकडे ये. मुलांना सांभाळायची व्यवस्था मी करते. माझ्या दोन्ही बंदुका तिला खांद्याला लावून बघू देत, मऊ काडतुसं मी आणून ठेवते. ती नको म्हणाली, तर विषय तिथेच संपला असं समज.

तुझी,
सुमाआत्या